कणेरी मठाचं म्युझियम: मोटेपाशी थांबा

कोल्हापूरला आलेल्या पाहुण्यांचा फेरा ठरलेला असतो. अंबाबाई, रंकाळा, पन्हाळा, आणि बरोबर पोरं असतील तर कणेरी मठ. पहिल्या तीन ठिकाणी काय बघायचं ते सांगावं लागत नाही, चौथ्या ठिकाणी सांगावं लागतं. सिद्धगिरी ग्रामजीवन म्युझियम बघून आलेल्या कुणालाही विचारा, पहिलं वाक्य येतं, "पुतळे अगदी हुबेहूब आहेत हो." आहेतच. पण नुसत्या हुबेहूबपणासाठी तीनशे पुतळे फार होतात. पन्नासाव्या पुतळ्यानंतर डोळे शिणतात आणि मग सेल्फी सुरू होतात. त्या पुतळ्याच्या हातात काय आहे आणि ते तिथवर कुणाकडून आलं, हे बघत गेलात तर मात्र तीन तास पुरत नाहीत.

आधी ठिकाणाची ओळख. करवीर तालुक्यातल्या कणेरीच्या टेकडीवर काडसिद्धेश्वरांचा जुना मठ आणि महादेवाचं देऊळ आहे. मठाचे सत्ताविसावे मठाधिपती अदृश्य काडसिद्धेश्वर स्वामी यांच्या कल्पनेतून हे म्युझियम उभं राहिलं. जागा साधारण सात एकर, दृश्यं ऐंशीच्या आसपास, पुतळे तीनशेच्या घरात. सगळे पुतळे माणसाच्या मापाचे आणि सिमेंटचे, वरून रंगवलेले. मेणाचे पुतळे बंद, थंड दालनात ठेवावे लागतात. इथं अर्ध्याहून जास्त मामला उघड्यावर, झाडाखाली, शेताच्या बांधावर आहे, त्यामुळे सिमेंटला पर्याय नव्हता. मांडणीचा विषय एकच: मुघल येण्याआधीचं महाराष्ट्रातलं स्वयंपूर्ण खेडं. या "स्वयंपूर्ण" शब्दाबद्दल पुढं बोलायचं आहे.

जायचं कसं? कोल्हापूर शहरापासून बारा-तेरा किलोमीटर. पुणे-बंगळूर महामार्गाने कागलच्या दिशेला निघायचं, उजळाईवाडी आणि गोकुळ शिरगाव मागं टाकायचं आणि कणेरीचा फाटा धरायचा. महामार्गाच्या रुंदीकरणामुळे या पट्ट्यात सेवारस्ते आणि वळणं बदलत राहतात. मोबाइलचा नकाशा कधी कधी बंद केलेल्या वळणावर नेऊन उभं करतो, म्हणून गोकुळ शिरगाव आलं की गाडी डाव्या-उजव्या सेवारस्त्याचा अंदाज घेत हळू चालवा आणि टपरीवर विचारा. "मठाकडं कसं जायचं?" एवढं पुरतं, म्युझियमचं पूर्ण नाव कुणी घेत नाही. गाडी नसेल तर शहरातून केएमटीची बस आहे. परतीच्या बसची वेळ उतरतानाच कंडक्टरला विचारून ठेवा.

तिकीट काढताना एक काळजी घ्या. म्युझियमच्या जोडीला आवारात आरशांच्या भुलभुलैयासारखे करमणुकीचे प्रकार आहेत. कशाचं तिकीट कशात धरलंय ते खिडकीवरच स्पष्ट विचारून घ्या. आणि पोरांना करमणूक शेवटी मिळेल हे गाडीतच सांगून टाका. क्रम उलटा झाला, आधी आरसे आणि मग गाव, तर गाव संपलंच समजा. पोरं पुढं पळतात, आई-बाप मागं धावतात आणि ऐंशी दृश्यं चाळीस मिनिटांत "बघून" होतात.

सुरुवातीला बांधलेली गुहा लागते. पतंजली, कणाद, चरक, वराहमिहिर अशा ऋषींचे आणि शास्त्रज्ञांचे पुतळे तिथं आहेत, सोबत त्यांच्या कामाची माहिती. आत गारवा आहे, पोरांना अंधाराची गंमत वाटते. मात्र हा भाग म्युझियमचा गाभा नव्हे. पंधरा मिनिटांत उरका आणि बाहेर या. उजेडात आलात की गाव सुरू.

आता मोट, म्हणजे बैलांच्या जोरावर विहिरीतलं पाणी वर काढायची चामड्याची मोठी पिशवी. विहीर, धाव (बैलांची जा-ये करायची वाट) आणि बैलांची जोडी दिसली की घाई बंद करा. पहिल्यांदा दोर मोजा. एक जाड, तो नाडा. दुसरा बारीक, तो सोल. नाडा वरच्या चाकावरून येऊन मोटेच्या तोंडाच्या लोखंडी कड्याला बांधलेला असतो. सोल खालच्या कण्यावरून, म्हणजे थारोळ्याच्या (मोटेचं पाणी पडतं त्या कुंडाच्या) काठाला आडव्या बसवलेल्या लाकडी रुळावरून येतो आणि मोटेच्या सोंडेला, म्हणजे खालच्या निमुळत्या चामडी नळीला, जातो. दोन्ही दोरांची दुसरी टोकं बैलांच्या जुवाशी एकत्र येतात. मोट पाण्यात भरते तेव्हा सोंड वर दुमडलेली असते, मोटेच्या तोंडाच्या बरोबरीला, म्हणून वर येईपर्यंत पाणी गळून जात नाही. मोट काठाशी आली की नाडा तिला आणखी वर चाकाकडं खेचतो. सोल मात्र सोंडेला खालच्या कण्यावरून पुढं ओढतो. सोंड सरळ होते, थारोळ्यात पडते आणि सगळं पाणी भसकन ओतलं जातं, तिथून पाटाला. काठावर उभं राहून मोट पालथी करायला माणूस लागत नाही. हाकणारा एकटा पुरतो, तोही बैल उताराला लागले की नाड्यावर बसतो आणि स्वतःचं वजन कामाला लावतो.

सगळी करामत दोन दोरांच्या लांबीत आहे. सोल लांब पडला तर सोंड खाली लोंबते आणि वर येता येता पाणी परत विहिरीत जातं. आखूड पडला तर मोट पुरती वर यायच्या आत सोंड कण्यापार जाते आणि तळाचं पाणी मोटेतच राहतं. बैलांची वाट, ती धाव, विहिरीपासून दूर जाताना उतरती ठेवलेली असते. भरलेली मोट ओढताना बैल उताराला असतो, त्याचं वजनच अर्धं काम करतं. परत येताना मोट रिकामी असते, तेव्हा बैल मागल्या पावली चढतात. धावेची लांबी ढोबळमानानं विहिरीच्या खोलीइतकी लागते, हे पोरांना धाव पावलांनी मोजायला लावून सांगा, गणिताचा एक तास फुकट मिळेल. पुतळ्यांची मर्यादा इथंच जाणवते: मोट एका क्षणी थांबलेली दिसते, पुढचं-मागचं मनात चालवावं लागतं. बरोबर कुणी सत्तरीपुढचे आजोबा असतील तर त्यांना या दृश्यापाशी बोलतं करा. डिझेल इंजिन आणि विजेचा पंप यायच्या आधी मोट हाकलेली माणसं अजून आहेत, आणि कोणत्याही पाटीवर मावणार नाही एवढं ती सांगतात.

मोट समजली की पुढच्या गावाची किल्ली हाताशी आली. हे एकच यंत्र किती हातांनी बनतं? कातडं ढोर समाजातल्या कारागिरानं कमावलं. मोट चांभारानं शिवली. नाडा, सोल आणि कासरे मांगानं वळले. चाक आणि कणा सुताराचे. कडं आणि चाकाचा आस लोहाराचा. आता उरलेली दृश्यं या पाच जणांना शोधत बघा. चांभाराच्या दुकानापाशी नुसतं "चपला शिवतोय" असं न म्हणता, शेतकऱ्याच्या विहिरीतलं पाणी या माणसाच्या टाक्यावर अवलंबून होतं, हे ध्यानात येतं. मांडणीकारांनी दृश्यं वेगवेगळी ठेवली आहेत, प्रत्येक आपापल्या चौकटीत. ती जोडायचं काम बघणाऱ्याला करावं लागतं. मोटेच्या पाटीवर "हे कुणी-कुणी बनवलं" अशी एक ओळ वाढवली, तर सगळ्या म्युझियमला सूत मिळेल.

सुतार आणि लोहार यांना मात्र एकत्रच बघा. बैलगाडीचं चाक म्हणजे मधला तुंबा, त्यातून निघालेले आरे आणि कडेचे पुठ्ठे, म्हणजे घेराचे लाकडी तुकडे. हे सगळं सुताराचं. पण नुसतं लाकडी चाक दगडगोट्यांवर दोन महिने टिकणार नाही. त्यावर लोखंडी पट्टी चढते, तिलाही धाव म्हणतात, मोटेच्या वाटेला म्हणतात तीच. लोहार ही धाव चाकाच्या घेराहून किंचित लहान बनवतो. ती गोवऱ्यांच्या जाळात लालभडक तापवली की फुगते, सांडशीनं उचलून चाकावर बसवतात आणि लगेच पाणी ओततात. लोखंड आक्रसतं आणि आरे-पुठ्ठे असे आवळले जातात की खिळ्याची गरज उरत नाही. जास्त लहान केली तर आरे मोडतात. मोठी झाली तर उन्हाळ्यात लाकूड वाळल्यावर धाव सुटून रस्त्यात पडते. जुनी माणसं गाडी ओढ्याच्या पाण्यात उभी करायची ती यासाठीच, लाकूड फुगून धाव पुन्हा घट्ट व्हावी म्हणून.

कुंभारापाशी लोक चाकाकडं बघतात. थापीकडं बघा. मडकं चाकावर पुरं होत नाही. चाकावर फक्त तोंड, गळा आणि जाडसर अंग होतं, मग दोऱ्यानं ते खालून कापून घेतात. पोटाचा गोलवा नंतर येतो: आतून दगडी गुंडा धरायचा, बाहेरून लाकडी थापीनं ठोकायचं, ठोकता ठोकता भिंत पातळ होत जाते आणि तळ मिटतो. सगळीकडं सारखी जाडी आली नाही तर आव्यात मडकं तडकतं. बाजारात मडकं घेताना बायका बोटाच्या पेरानं टिचकी मारून आवाज ऐकतात. खणखणीत आला तर घ्यायचं, बद्द आला तर चीर आहे.

न्हावी, परीट, तेली, कासार, वैद्य, वासुदेव, आखाडा ही दृश्यं चालता चालता बघितली तरी चालतील. पोरांच्या खेळांपाशी मात्र पाच मिनिटं द्या. विटीदांडूत दांडूनं अंतर मोजताना कोल्हापूर भागात "वकट, लेंड, मूंड, नाल" म्हणत. हे तेलुगूतले एक, दोन, तीन, चार! गावाला सीमा होती असं आपण म्हणतो, पण पोरांचा खेळ मोजायला तेलुगू आकडे सीमा ओलांडून आलेच होते.

आता "बारा बलुतेदार, अठरा अलुतेदार". ही नावं शाळेत पाठ होतात आणि पुढं विसरतात, कारण यादी म्हणून शिकवली जातात. यादी गावागणिक बदलायची. सर्वसाधारणपणे सुतार, लोहार, चांभार, महार, मांग, कुंभार, न्हावी, परीट, जोशी, गुरव, कोळी आणि मुलाणा हे बारा. तेली, तांबोळी, शिंपी, माळी, साळी, सनगर, गोंधळी, जंगम वगैरे अलुतेदारांत.  आणि "मुघलपूर्व" या पाटीबद्दल एक: एखाद्या दृश्यात मिरची, भुईमूग किंवा तंबाखू दिसली तर लक्षात ठेवा, ही पिकं पोर्तुगीजांनंतरची. काळाची पाटी सैल धरा. तुम्ही बघताय ते आपल्या पणजोबांपर्यंत चालत आलेलं गाव आहे, पाचशे वर्षांपूर्वीचं काटेकोर चित्र नव्हे.

बलुतं म्हणजे कामाचा मोबदला, आणि तो रोख मिळत नसे. वर्षभर काम करायचं आणि सुगीला खळ्यावर जाऊन धान्याचा वाटा घ्यायचा. वाट्यालाही पायऱ्या होत्या, थोरली, मधली, धाकटी ओळ. शेतीला ज्यांची निकड जास्त, ते सुतार-लोहार-चांभारासारखे वरच्या ओळीत. ज्यांच्यावाचून नांगर अडत नाही, ते जोशी-गुरव खालच्या ओळीत. म्हणून म्युझियममधलं खळ्याचं दृश्य हे नुसतं मळणीचं दृश्य नाही. गावाचा वार्षिक हिशोब तिथं मिटायचा. तिथं बैल गोल फिरताना बघून पुढं जाऊ नका. "या राशीतनं कुणाकुणाला किती जाईल?" असं पोरांना विचारा.

आणि इथंच म्युझियमची सगळ्यात मोठी उणीव दिसते. मांडणीतलं गाव सुखी आहे. सगळे कामात आहेत, सगळे खाऊन-पिऊन आहेत, कुणी कुणावर ओरडत नाही. खळ्यावर उरलंसुरलं धान्य कुणाला झाडून न्यावं लागे, पाणवठा कुणाला बंद होता, मेलेलं ढोर ओढून नेण्याला नकार देण्याची सोय कुणाला नव्हती, हे त्या सुखी गावात कुठं बसवायचं? स्वयंपूर्ण म्हणाल तर १३९६ पासून सुरू झाल्याचं सांगितलं जातं त्या दुर्गादेवीच्या दुष्काळानं याच मुघलपूर्व काळातली गावंच्या गावं ओस पाडली. पाऊस गेला की खळं रिकामं आणि खळं रिकामं की बाराही घरं उपाशी: एकमेकांत गुंतलेल्या व्यवस्थेची ही दुसरी बाजू. योगायोग असा की ज्या जुन्या कोल्हापूर संस्थानाच्या हद्दीत हे म्युझियम उभं आहे, तिथंच शाहू महाराजांनी १९१८ मध्ये महार वतनं रद्द केली आणि कुलकर्णी वतनं काढून पगारी तलाठी नेमले. मुंबई राज्यात कनिष्ठ गावकामगार वतनं रद्द करणारा कायदा यायला १९५८ साल उजाडलं. कणेरीला पोरं घेऊन जाणाऱ्यांनी त्याच दिवशी कसबा बावड्यातल्या लक्ष्मी विलास पॅलेसला, महाराजांच्या जन्मस्थळी, तासभर काढावा. सकाळी गाव कसं चालायचं ते बघायचं, दुपारी ते का बदलावं लागलं ते.

तुलनेसाठी गोव्यातलं लोटली आठवतं. तिथल्या "बिग फूट"मध्येही जुन्या गोव्याचं छोटं गाव उभं केलंय, पाववाला, मासेमार, फेणीची भट्टी. शिवाय जांभ्यात आडवी कोरलेली चौदा मीटर लांबीची संत मीराबाई आहे. लोटली आटोपशीर आहे, तासाभरात होते. कणेरीचा पसारा कितीतरी मोठा आणि शेतीची अवजारं बघायला कणेरीच सरस. बसून, सावकाश बघायचं सुख मात्र लोटलीत जास्त.

हवामानाचं गणित साधं आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी उघडल्या उघडल्या. मार्च ते मे दुपारी बारानंतर उघड्यावरची वाट तापते, म्हातारी माणसं मोटेपर्यंत पोचायच्या आत सावली शोधू लागतात. जून ते सप्टेंबर कोल्हापूरचा पाऊस असतो, चिखल आणि शेवाळाला धरणारी पादत्राणं घाला, छत्रीपेक्षा रेनकोट बरा, कारण हात मोकळे लागतात. रविवार, दिवाळीची सुट्टी आणि डिसेंबर-जानेवारीचे सहलींचे दिवस टाळा. शाळेच्या तीन बस एकदम आल्या की प्रत्येक दृश्यासमोर रांग लागते आणि मागून "पुढं चला, पुढं चला" सुरू होतं. अशी टोळी मागं असेल तर बाजूला व्हा, तिला जाऊ द्या, दहा मिनिटांत वाट मोकळी होते. चालणं बरंच आहे. गुडघेदुखी असलेल्यांनी गुहा सोडली तरी काही बिघडत नाही, ताकद गावासाठी राखून ठेवा. पाण्याची बाटली भरून घ्या. जागा मठाची आहे, त्यामुळे डबा शाकाहारीच न्या. मटणाचा तांबडा-पांढरा रस्सा रात्री शहरात.

म्युझियमनंतर पाय चालत असतील तर मठाची देशी गायींची गोशाळा आणि "लखपती शेती" बघा. एका एकरात शंभराहून जास्त पिकं घेण्याचा हा प्रयोग आहे. शेतकरी माणसाला इथं सिमेंटच्या बैलांपेक्षा जास्त वेळ लागेल. एकच प्रश्न जरूर विचारा: एवढी पिकं सांभाळायला रोज किती माणसं, किती तास? आपल्या घरी तेवढे हात असतील तरच वही काढून लिहून घ्या.

आणि पुतळ्यांचं काम खऱ्या हातात बघायचं असेल तर शहरातच फिरा. शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीत गणपतीच्या आधीचे दोन महिने घराघरात मूर्ती वाळत असतात. गंगावेस तालमीत पहाटे लाल मातीत पोरं उतरतात, बघायला जायचं तर चपला बाहेर काढून आणि गप्प बसून. दिवाळीनंतर आसपासच्या गावांत गुऱ्हाळं पेटतात, काहिलीतला रस उकळून तार धरेपर्यंत थांबलात तर गुळव्या काकवी आणि गरम गूळ हातावर ठेवतो.

चप्पल लाईनीत, म्हणजे शहरातल्या कोल्हापुरी चपलांच्या बाजारात, जाणार असाल तर म्युझियममधला चांभार आठवून घ्या. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, पण लाईनीत टांगलेली प्रत्येक जोडी त्यात बसत नाही. चप्पल उलटी करा. तळाला खिळा दिसता कामा नये, शिलाई चामड्याच्या वादीची हवी. कडेला नख लावा. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं कातडं आतपर्यंत एकाच रंगाचं असतं, वरून रंग फासलेलं आत फिकट निघतं. वास घ्या. कातड्याला कातड्याचा वास येतो, रेक्झिनला गोंदाचा. माप थोडं घट्टच घ्या, दोन आठवड्यांत कातडं सैल होतं. पहिल्या रात्री खोबरेल किंवा एरंडेल चोळून ठेवा आणि पावसात घालू नका. भिजलीच तर सावलीत वाळवा, उन्हात ठेवलीत तर सकाळी तिचा पापड झालेला असेल.